प्रतिज्ञा म्हणावी की म्हणवून घ्यावी?

शाळेच्या परिपाठाविषयी आलेल्या पत्रांपैकी प्रतिज्ञेबद्दलची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. कायद्याचा भाग वकिलांनी आणि वर्गातला भाग शिक्षकांनी पाहिला आहे. पत्रलेखकांची नावं त्यांच्या सोयीसाठी दिलेली नाहीत.

प्रश्न : माझी मुलगी अनुदानित शाळेत सातवीत आहे. परिपाठाला ती रांगेत सरळ उभी राहते, पण प्रतिज्ञा म्हणत नाही. "मला जे वाटतं ते रोज ओरडून कशाला सांगायचं?" असं तिचं म्हणणं. बाईंनी परिपाठ संपल्यावर तिला एकटीला व्यासपीठावर उभं केलं आणि सगळ्यांसमोर प्रतिज्ञा म्हणायला लावली. वर 'हा कायदा आहे' असंही सांगितलं. असा कायदा खरंच आहे का? (एक पालक)

उत्तर : असा कायदा जिथे असायला हवा होता, त्या तिन्ही ठिकाणी तो नाही. संविधानाच्या ५१-अ कलमातलं पहिलंच मूलभूत कर्तव्य संविधान, राष्ट्रध्वज आणि राष्ट्रगीत यांचा आदर राखायला सांगतं. प्रतिज्ञेचा त्यात उल्लेख नाही. राष्ट्रीय प्रतीकांच्या अवमानाविरुद्धचा १९७१ चा कायदा ध्वज, संविधान आणि राष्ट्रगीत यांच्यापुरता आहे. त्यातही राष्ट्रगीताबाबतचा गुन्हा म्हणजे ते गाणाऱ्यांना जाणूनबुजून रोखणं किंवा त्या सभेत गोंधळ घालणं. त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. गप्प उभं राहणं हा गुन्हा नाही. तिसरा, २००९ चा शिक्षण हक्क कायदा. त्यातही प्रतिज्ञेबद्दल एक अक्षर नाही.

प्रतिज्ञा आली ती शिक्षणखात्याच्या वाटेनं. पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ मध्ये विशाखापट्टणमला जिल्हा कोषागार अधिकारी असताना ती तेलुगूत लिहिली. केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाच्या १९६४ च्या बंगळूर बैठकीत तिची शिफारस झाली आणि २६ जानेवारी १९६५ पासून ती देशभरच्या शाळांत म्हटली जाऊ लागली. 'सल्लागार' हा शब्द इथे लक्षात ठेवावा.

आता न्यायालय. १९८५ च्या जुलैत केरळमधल्या एका शाळेनं यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथातल्या तीन भावंडांना काढून टाकलं. मुलं दहावी, नववी आणि पाचवीत होती. राष्ट्रगीताच्या वेळी ती अदबीनं उभी राहत, पण गात नसत, कारण त्यांच्या श्रद्धेत ते बसत नव्हतं. मुलं कायदा पाळणारी आहेत आणि त्यांनी राष्ट्रगीताचा अनादर केलेला नाही, असा अहवाल चौकशी आयोगानं दिला होता. तरीही त्यांना काढलं. ११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. ओ. चिन्नप्पा रेड्डी आणि न्या. एम. एम. दत्त यांच्या खंडपीठानं या भावंडांच्या, म्हणजे बिजो इमॅन्युएल नावानं ओळखल्या जाणाऱ्या, खटल्यात निकाल दिला : राष्ट्रगीत गायलाच हवं असं सांगणारा कायदा नाही, आदरानं उभं राहणं हाच आदर आहे, आणि श्रद्धेच्या विरोधात गायला लावणं हे संविधानाच्या कलम १९(१)(अ) (अभिव्यक्तिस्वातंत्र्य) आणि कलम २५(१) (धर्मस्वातंत्र्य) यांचा भंग करतं. मुलांना परत शाळेत घ्यायला लावलं.

खटला राष्ट्रगीताचा होता, प्रतिज्ञेचा नव्हे, हे बाई म्हणू शकतील. पण ज्या राष्ट्रगीताच्या पाठीशी संविधानातलं कर्तव्य आणि फौजदारी कायदा दोन्ही उभे आहेत, ते गाण्याची सक्ती टिकली नाही. प्रतिज्ञेच्या पाठीशी तर दोन्हीपैकी काहीच नाही. मुंबई उच्च न्यायालयानंही २०१३ मध्ये नाशिकच्या एका शिक्षकाच्या प्रकरणात शाळेच्या प्रार्थनेला हात जोडण्याची सक्ती मूलभूत हक्कांचा भंग करते असं म्हटलं.

एक अडचण मात्र सांगायला हवी. केरळच्या निकालाचा आधार प्रामाणिक धार्मिक आक्षेप हा होता. तुमच्या मुलीचं कारण धार्मिक नाही. तिच्या बाजूनं बोलणाऱ्याला कलम २५ मधल्या 'सद्सद्विवेकबुद्धी' या शब्दावर आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्यातच न बोलण्याचं स्वातंत्र्य येतं या मुद्द्यावर भर द्यावा लागेल. सकाळी झोप आवरत नाही म्हणून तोंड उघडत नाही, हे यातल्या कशातच बसत नाही.

व्यासपीठावर एकटीला उभं करण्याचा मुद्दा वेगळा आणि अधिक सोपा आहे. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक त्रासालाही मनाई करतं आणि तसं करणाऱ्यावर सेवानियमांनुसार कारवाईची तरतूद करतं. आधी बाईंशी बोला, मग मुख्याध्यापकांशी. त्यानं भागलं नाही तर शाळा व्यवस्थापन समितीकडे लेखी द्या, आणि त्यानंतर गटशिक्षणाधिकारी किंवा राज्य बालहक्क संरक्षण आयोग. पहिल्याच दिवशी आयोगाचं नाव काढलंत तर मुलीला उरलेलं वर्ष जड जाईल.

प्रश्न : आम्ही शासन निर्णयांना बांधील आहोत. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची प्रास्ताविका, आता राज्यगीतही. उद्या तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं तर काय सांगू? एकाला सूट दिली की सगळा वर्ग गप्प बसेल. (मुख्याध्यापक)

उत्तर : शासन निर्णय शाळेला उद्देशून असतो, मुलाच्या जिभेला नव्हे. प्रास्ताविकेचं वाचन २६ जानेवारी २०२० पासून आलं, राज्यगीत १९ फेब्रुवारी २०२३ पासून. ते परिपाठात होतं की नाही, एवढं तपासणीत पाहिलं जातं. आपण ते घेतलंत की आपलं काम झालं. केरळमध्येही शिक्षणखात्याची दोन परिपत्रकं होती, १९६१ आणि १९७० ची. त्यांना कायद्याचं बळ नाही, म्हणून त्यांच्या जोरावर मूलभूत हक्क आवळता येत नाही, हे न्यायालयानं त्याच निकालात स्पष्ट केलं.

मूल प्रतिज्ञा म्हणत नाही असं दिसलं तर रांगेत विचारू नका. रांगेत विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर मिळत नाही, फक्त मान खाली जाते. मधल्या सुट्टीत बाजूला घ्या. कारणं बहुतेक वेळा साधी निघतात. मूल जूनमध्येच दुसऱ्या राज्यातून आलेलं असतं आणि त्याला मराठी येत नाही. ऊसतोडीला गेलेलं मूल चार-पाच महिन्यांनी परतलेलं असतं आणि शब्द विसरलेले असतात. ऐकू कमी येत असतं, आणि मागच्या रांगेत माईकचा फक्त घरघराट पोचतो. ही कारणं असतील तर सक्तीचा प्रश्नच उरत नाही, शिकवण्याचा उरतो.

कारण श्रद्धेचं किंवा विचाराचं निघालं तर पालकांना एकदा बोलवा. त्यांना लिहून द्यायचं असेल तर साध्या कागदावर दोन ओळी पुरे, आणि त्या फायलीला लावा. मुद्रांकाचा कागद आणि प्रतिज्ञापत्र मागू नका (प्रतिज्ञा न म्हणण्यासाठी प्रतिज्ञापत्र ही गंमत आपल्याकडेच सुचू शकते). मुलाला एवढंच सांगा : रांगेत ये, सावधान म्हटलं की उभा राहा, बोलू नकोस, दुसऱ्याला हसवू नकोस. एवढं शाळा नक्कीच मागू शकते आणि त्यात कुणाच्याही हक्काला धक्का लागत नाही. त्याला परिपाठाच्या वेळी वर्गात किंवा गेटबाहेर थांबवू नका. ती सूट वाटली तरी मूल रोज सगळ्यांदेखत वेगळं पडतं.

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक' असा रकाना असतो. यावरून तिथे काही लिहिलं तर मूल ते आयुष्यभर घेऊन फिरेल. ते लिहू नका. आठवीपर्यंतच्या मुलाला या कारणानं काढून टाकण्याचा विचारही करू नका, शिक्षण हक्क कायद्याचं कलम १६ त्याला मनाई करतं.

सगळा वर्ग गप्प बसेल ही भीती फारशी खरी नाही. मुलांना कळपात म्हणायला आवडतं. उलट निम्मी मुलं आजही नुसते ओठ हलवतात. 'सारे भारतीय माझे बांधव आहेत' नंतर मागच्या रांगेतून दबक्या आवाजात येणारं 'एक सोडून' कोणत्या शाळेत ऐकू येत नाही? ओठांवर पहारा ठेवला की मुलं ओठ हलवायला शिकतात, इतकंच.

प्रश्न : मुलगा अडखळत बोलतो. शाळेत हजेरी क्रमांकानुसार रोज एकेकाला माईकवर प्रतिज्ञा सांगावी लागते. त्याचा क्रमांक जवळ आला की त्याचं पोट दुखतं. (एक आई)

उत्तर : पोट खरंच दुखत असतं, बहाणा समजू नका. अडखळत बोलणाऱ्या बऱ्याच मुलांना सगळ्यांबरोबर एका सुरात बोलताना अडथळा येत नाही किंवा फार कमी येतो. तेच मूल एकटं माईकसमोर उभं राहिलं की 'भारत'च्या 'भा'वरच थांबतं. म्हणजे त्याला रांगेत म्हणू द्यावं आणि माईकची पाळी ऐच्छिक ठेवावी. वर्गशिक्षकांना हे एका ओळीत लिहून द्या. मुलाला त्या दिवशी घरी ठेवू नका, कारण मग पुढच्या महिन्यात पाळी पुन्हा येते आणि भीती वाढलेली असते. माईकवर दोघांनी मिळून सांगण्याची पद्धत ठेवली तर कित्येक बुजरी मुलंही सुटतात.

प्रश्न : मी दहावीत आहे. 'परंपरांचा मला अभिमान आहे' असं मी रोज म्हणतो. सती आणि अस्पृश्यता याही परंपराच होत्या. मग मी खोटं बोलतो का? सरांना विचारलं तर 'जास्त शहाणपणा नको' म्हणाले. (एक विद्यार्थी)

उत्तर : प्रश्न शहाणपणाचाच आहे, जास्तीचा नाही. आधी शब्द बघू. प्रतिज्ञेत नुसतं 'परंपरा' नाही, 'समृद्ध आणि विविधतेने नटलेल्या परंपरा' आहे. इंग्रजी पाठात इथे 'हेरिटेज' म्हणजे वारसा असा शब्द आहे. मराठीत तो 'परंपरा' झाला, आणि परंपरा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रूढी येतात. तुझी अडचण निम्मी तिथून आली आहे. वारशात लेण्या येतात, भाषा येतात, ओव्या येतात. वारशानं आलेल्या घरात एखादी पडकी भिंतही असतेच, तिचा अभिमान धरायला कुणी सांगत नाही.

आता ५१-अ पुन्हा काढ. त्यातलं (फ) हे कर्तव्य आपल्या संमिश्र संस्कृतीच्या समृद्ध वारशाचं मोल जाणून तो जपायला सांगतं. त्याच्या अगदी आधीचं (ई) स्त्रियांच्या प्रतिष्ठेला उणेपणा आणणाऱ्या प्रथा सोडून द्यायला सांगतं. दोन्ही शेजारी-शेजारी आहेत. अस्पृश्यता तर संविधानाच्या कलम १७ नं नष्टच केली. म्हणजे कुठली परंपरा ठेवायची आणि कुठली टाकायची, हे संविधान सांगतं. प्रतिज्ञेचं चौथं वाक्य त्याच्या उजेडात वाचावं लागतं.

आणखी एक बघ. केरळच्या त्या निकालाच्या शेवटी न्यायमूर्तींनी लिहिलं की आपली परंपरा सहिष्णुता शिकवते, आपलं तत्त्वज्ञान तिचा उपदेश करतं, आपलं संविधान ती आचरणात आणतं. तिची धार बोथट होऊ देऊ नये. प्रतिज्ञेतल्या 'परंपरां'ची याहून चांगली फोड मिळणार नाही, आणि ती केली गेली राष्ट्रगीत न गाणाऱ्या मुलांच्या बाजूनं. सरांना हे दाखव. परिपाठात नको, तासाला.

प्रश्न : आमच्या सोसायटीतल्या नेपाळी पहारेकऱ्याचा मुलगा महापालिकेच्या शाळेत जातो. तोही रोज 'भारत माझा देश आहे' म्हणतो. चालतं का?

उत्तर : त्याला म्हणावंसं वाटलं तर कोण अडवणार? म्हणायला लावू नये, कारण पहिलंच वाक्य त्याच्या बाबतीत खरं नाही. कलम १९ फक्त नागरिकांना लागू असलं तरी कलम २५ इथल्या प्रत्येक व्यक्तीला लागू आहे, त्यामुळे परदेशी मुलालाही गप्प उभं राहता येतं.

प्रश्न : दुसरीचा वर्ग आहे. मुलं घडाघडा म्हणतात, पण अर्थ शून्य. 'पाईक'चा अर्थ विचारला तर एक म्हणाला 'बाईक'. कसं शिकवू? (शिक्षिका, जिल्हा परिषद शाळा)

उत्तर : प्रतिज्ञेत आठ वाक्यं आणि सत्तरेक शब्द आहेत. एका आठवड्याला एक वाक्य घ्या, दोन महिन्यांत होते. पण क्रमानं घेऊ नका. दुसरीच्या मुलाला सगळ्यात जवळचं वाक्य सहावं : पालक, गुरुजन आणि वडीलधाऱ्या माणसांचा मान ठेवीन, प्रत्येकाशी सौजन्यानं वागेन. इथून सुरुवात करा. 'सौजन्य' म्हणजे काय ते सांगू नका, करून दाखवा : रांगेत धक्का न देणं, पेन्सिल परत करताना टोक आपल्याकडे धरणं. मग दुसरं वाक्य घ्या, मग पहिलं आणि तिसरं. चौथं आणि पाचवं सगळ्यात शेवटी, ती दोन्ही अवघड आहेत.

पाचवं वाक्य तेरा शब्दांचं आहे आणि नेमकं तिथेच मुलांचा श्वास संपतो. मग ती कुठेही तोडतात : 'पाईक होण्याची पात्रता माझ्या', थांबा, 'अंगी यावी म्हणून मी'. अर्थ तिथेच सांडतो. तीन तुकडे करा : 'त्या परंपरांचा पाईक होण्याची पात्रता / माझ्या अंगी यावी / म्हणून मी सदैव प्रयत्न करीन.' सातव्या वाक्यात 'यांच्याशी निष्ठा'चं 'यांच्या शिनिष्ठा' होतं. 'यांच्याशी' नंतर किंचित थांबायला लावा, सुधारतं. पाईक म्हणजे पायी लढणारा शिपाई, सेवक. पालखीच्या दिवसांत वारकऱ्यांकडे बोट दाखवलं की मुलांना हा शब्द चटकन कळतो, कारण विठ्ठलाचे पाईक घराघरांत ठाऊक असतात.

घाई हा दुसरा आजार. राष्ट्रगीताला ५२ सेकंद लागतात. प्रतिज्ञा सावकाश म्हटली तर पाऊण मिनिट लागायला हवं. ती पंचवीस सेकंदांत संपत असेल तर शब्दांचे शेवट गिळले जातायत. माईकवरचं मूल बदला. सगळ्यात पाठांतर असलेलं नको, सगळ्यात सावकाश बोलणारं घ्या.

वरच्या वर्गांसाठी एक व्याकरणाचा खेळ : आठही वाक्यांची क्रियापदं फळ्यावर लिहा. आहे, आहेत, आहे, आहे. मग करीन, ठेवीन-वागेन. मग प्रतिज्ञा करीत आहे. शेवटी सामावले आहे. पहिली चार वाक्यं 'मला काय वाटतं' सांगतात. खरा शब्द दिला जातो तो पाचव्या, सहाव्या आणि सातव्या वाक्यात. मुलं हे स्वतः शोधतात आणि खूश होतात. शिवाय करीन, ठेवीन, वागेन ही रूपं मुलगा-मुलगी दोघांना एकच, हेही त्यांना सापडू द्या.

शिक्षा म्हणून प्रतिज्ञा पन्नास वेळा लिहायला देणं आणि उशिरा आलेल्यांना गेटवर प्रतिज्ञा म्हणायला लावणं, या दोन गोष्टी मात्र शाळेतून हद्दपार करा. ज्या मुलाला प्रतिज्ञा ही शिक्षा म्हणून भेटली, त्याला तिचा अर्थ पुन्हा शिकवता येत नाही.

प्रश्न : सगळंच ऐच्छिक केलं तर देशप्रेम रुजणार कसं? अमेरिकेतसुद्धा मुलं रोज निष्ठेची शपथ घेतात. (निवृत्त शिक्षक)

उत्तर : अमेरिकेत घेतात खरं, पण तिथे सक्ती नाही. १९४० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ८ विरुद्ध १ मतांनी ध्वजवंदनाची सक्ती मान्य केली होती. त्यानंतर वंदन न करणाऱ्या पंथाच्या लोकांवर जागोजागी हल्ले झाले. तीनच वर्षांत, १४ जून १९४३ रोजी, त्याच न्यायालयानं ६ विरुद्ध ३ मतांनी आपला निकाल फिरवला. तो पंथही यहोवाचे साक्षीदार, केरळमधल्या मुलांचाच. आजही तिथल्या अनेक राज्यांत शाळेनं शपथेचा कार्यक्रम घ्यावा असा नियम आहे, पण न म्हणणाऱ्या मुलाला शिक्षा करता येत नाही.

आमचंही मत हेच आहे : प्रतिज्ञा परिपाठात राहावी, रोज राहावी, आणि शाळेनं ती घ्यावीच. सक्ती शाळेला असावी, मुलाला नसावी. प्रतिज्ञा हा शब्दच असा आहे की ती दुसऱ्याकडून करवून घेतली की ती प्रतिज्ञा उरत नाही. भीष्माच्या प्रतिज्ञेला वजन आलं ते कुणी छडी घेऊन उभं नव्हतं म्हणून. शपथांविषयीचा १९६९ चा कायदा बघा : बारा वर्षांखालच्या साक्षीदाराला खरं बोलण्याची जबाबदारी कळते पण शपथेचा अर्थ कळत नाही असं न्यायालयाला वाटलं, तर त्याला शपथ न देताच साक्ष घेता येते. न्यायालय जे सहा वर्षांच्या मुलाकडून मागत नाही, ते आपण पहिलीच्या रांगेत डोळे वटारून मागतो.

प्रश्न : प्रतिज्ञेला उजवा हात पुढे धरावाच लागतो का? खांदा दुखतो म्हणून मुलीनं हात खाली ठेवला तर बाई रागावतात.

उत्तर : हात पुढे धरणं हा प्रघात आहे, त्यासाठी कायदा नाही. अमेरिकेतही आधी ध्वजाकडे हात लांब करत. तो नाझी सलामीसारखा दिसायला लागल्यावर १९४२ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी तो छातीवर आणला. आपल्याकडे पाऊण मिनिट हात धरून निरोगी मुलाला काही होत नाही. हात दुखतो तो 'प्रतिज्ञेसाठी तयार' म्हटल्यावर हात वर करून ठेवून मग गुरुजी रांगा सरळ करत बसतात तेव्हा. आधी रांगा, मग हात. मुलीचा खांदा खरंच दुखत असेल तर डॉक्टरांची चिठ्ठीही लागू नये. हात खाली, पाठ ताठ.